चमचाभर तूप

आमच्या घरीं पानांत वरणभात वाढला, तरी त्यावर तुपाची धार पडेपर्यंत कोणी भाताला हात लावीत नाहीं. जुनीं माणसें या तुपाला 'अन्नशुद्धि' म्हणत आलीं आहेत, आणि पंगतीचा सारा रंग त्या एका धारेवर अवलंबून असतो, हें आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नकोच. गेल्या वर्षीं चैत्रांत आमचें पित्ताशय काढून टाकावें लागलें. आणि एका दुपारचा अपवाद सोडला, तर त्यानंतर सहा महिने आमच्या भातावर ही धार पडली नाहीं. या सहा महिन्यांच्या पथ्यांतील पहिला महिना योग्य होता. उरलेले पांच महिने आम्हीं निव्वळ भीतीनें काढले, आणि त्यांचा भुर्दंड आमच्यापेक्षां दुसऱ्याच माणसाला अधिक पडला. ही हकीकत लिहिण्याचें कारण तेंच आहे.

दुखणें आमच्या घरीं सणासुदीच्या पावलांनीं आलें. पहिली कळ आली ती त्याच्या आदल्या दिवाळींत, दुसरी माघांतील एका लग्नानंतर, आणि तिसरी गुढीपाडव्याला. तिन्ही वेळां दुपारीं पक्वान्न, आणि रात्रीं दोनच्या सुमारास उजव्या बरगडीखालीं पीळ, असा क्रम होता. कळ पाठींतून उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाई. पहिल्या दोन खेपांस ओवा, हिंग आणि पादेलोण यांवर निभावलें, व घरांतील सर्वांनीं 'पित्त झालें' असा निकाल दिला. या एका शब्दानें आपल्या भाषेंत मोठा घोटाळा करून ठेवला आहे. छातींत जळजळ, आंबट ढेकर, अर्धशिशी, अंगावर उठणाऱ्या गांधी, या सर्वांना आपण पित्तच म्हणतों. वास्तविक आंबट ढेकर येतो तो जठरांतील आम्लाचा. यकृतांत तयार होणारा पित्तरस हा हिरवट-पिवळा व कडू असतो. आंबटपणाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्या रसाचे आमच्या पित्ताशयांत खडे बनले होते, आणि तिसऱ्या कळेनंतर सोनोग्राफी केली तेव्हां ते दिसले. शस्त्रक्रियेनंतर समाचाराला आलेल्या एका मावशींनीं, "बरें झालें, आतां तुला जन्मांत पित्त व्हायचें नाहीं," असा आशीर्वाद दिला. आणि त्याच संध्याकाळीं आम्हांला चांगला आंबट ढेकर आला!

शस्त्रक्रियेविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या शस्त्रवैद्यानें १८८२ सालीं माणसाचें पित्ताशय पहिल्यानें काढलें, आणि पुढें शंभर वर्षें ही पोट उघडून करावयाची मोठी शस्त्रक्रिया राहिली. दुर्बिणीच्या साहाय्यानें ती १९८५ सालीं जर्मनींत झाली. भारतांत ती प्रथम १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनीं केली. आमच्या पोटावर चार लहान छिद्रें तेवढीं पडलीं व तिसऱ्या दिवशीं आम्ही घरीं आलों. खरा प्रश्न उभा राहिला तो पान मांडल्यावर.

इस्पितळांतून निघतांना आम्हीं डॉक्टरांना विचारलें होतें, कीं एक सबंध अवयवच काढून टाकल्यावर तुपातेलाचें पचन व्हावयाचें तरी कसें? ते हंसून म्हणाले, "घोड्याला पित्ताशय नसतें. उंदरालाही नसतें." मग त्यांनीं सावकाश समजाविलें. पित्तरस तयार करण्याचें काम यकृताचें. तें दिवसाकाठीं पाऊण ते एक लिटर रस तयार करतें, आणि शस्त्रक्रियेनंतरही हें काम तसेंच चालूं राहतें. पित्ताशय ही साठवणीची पिशवी. तींत ३० ते ५० मिलिलिटरच रस मावतो. पण त्यांतील पाणी शोषून घेऊन पिशवी तो कित्येक पट दाट करून ठेवते. स्निग्ध पदार्थ जठरांतून लहान आंतड्यांत उतरले, कीं आंतड्यांतून एक संप्रेरक रक्तांत मिसळतें. त्याची वर्दी पोहोंचतांच पिशवी आकुंचन पावते आणि दाट रस एकदम अन्नावर येतो. साबण जसा ओशट भांड्याचें तेल सुटें करतो, तसा हा रस तुपातेलाचे बारीक कण करतो, व मग दुसरे पाचक रस त्यांवर चालूं शकतात. पिशवी गेली म्हणजे हा साठा गेला. आतां पित्तरस थेंबाथेंबानें सतत आंतड्यांत उतरत राहतो. थोडें तूप आलें तर तेवढ्यास तो पुरतो. श्रीखंडपुरीचें जेवण एकदम उतरलें तर पुरत नाहीं. उलट अन्न नसतांनाही तो गळतच असतो, आणि कांहीं जणांच्या बाबतींत त्याचा जास्तीचा भाग मोठ्या आंतड्यापर्यंत जाऊन तेथें पाणी सोडावयास लावतो. त्यामुळें शौचास पातळ होतें.

घोड्याच्या दृष्टान्ताचें मर्म आम्हांला तेव्हां कळलें. घोडा दिवसभर चरत असतो. त्याला पंगत ठाऊक नाहीं. (गाईला मात्र पित्ताशय असतें, तेव्हां हा दृष्टान्त फार ताणूं नये.) आमच्या धाकट्या पुतण्यानें ही गोष्ट ऐकल्यापासून आमचें पान वाढल्याची वर्दी "काका, चंदी आली!" अशा शब्दांत द्यावयास आरंभ केला, तो आजतागायत चालूं आहे.

डॉक्टरांनीं पथ्याचा एक छापील कागद दिला होता. आमच्या कुटुंबानें तो त्याच दिवशीं चारी बाजूंनीं चिकटपट्टी लावून फ्रिजच्या दारावर डकविला. एकदम पोटभर न जेवतां दिवसांतून पांचसहा वेळां थोडें थोडें खावें. तळलेलें, साय, लोणी, तूप, खोबरें हीं वर्ज्य करावीं. तिखट-मसाला बेतानें घ्यावा. कोंड्याचे व सालींचे पदार्थ हळूहळू वाढवावे, असा त्याचा आशय होता. पहिले दोन आठवडे आम्हीं मऊ भात, मुगाचें पातळ वरण, वाफविलेला दुधी किंवा पडवळ, लोणी काढलेलें ताक आणि भाकरीचा पापुद्रा यांवर आनंदानें काढले. दुखत नाहीं याचेंच इतकें सुख होतें, कीं चवीकडे लक्ष गेलें नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत चुलतबहिणीच्या मुलाची मुंज निघाली. तेथें आग्रह झाला, असें सांगून आम्ही सुटूं शकतों. पण खरें तें असें, कीं आग्रह फारसा झालाच नाहीं. मसालेभाताचा वास आला आणि आम्हीं स्वतःच पान पुढें केलें. त्यावर तूप पडलें, दोन जिलब्या पडल्या, अळूची भाजी दोनदां झाली. विडा तोंडांत होता तोंच पोटांत कालवाकालव सुरू झाली, आणि पुढचे दोन तास आम्हांस त्या मंगल कार्यालयाच्या मागील अंगणाशींच अधिक परिचय करून घ्यावा लागला. त्या दुपारीं आम्ही तुपाचे वैरी झालों.

येथून पुढें जें पथ्य सुरू झालें, तें कागदावरच्या पथ्यापेक्षांही कडक होतें. भाजी शिजली कीं फोडणी घालण्यापूर्वीं आमचा वाटा निराळा काढला जाई. वरण दोन भांड्यांत होई. एकत्र कुटुंबांत एकासाठीं निराळें शिजविणें म्हणजे काय, हें ज्या बायकांनीं केलें असेल त्यांनाच ठाऊक. आमच्या वहिनींनीं तें महिनेच्या महिने केलें, आणि तक्रारीचा शब्द काढला नाहीं. आमचें कुटुंब तर पोळीला तेलाचें बोट लागलें कीं काय हें उजेडांत धरून पाहूं लागलें.

इतकें करून गफलत झाली ती उपवासाच्या दिवशीं. आषाढी एकादशीला सर्वांप्रमाणें आम्हींही साबुदाण्याची खिचडी घेतली. उपवासाचें अन्न हलकें, ही आमची पिढीजात समजूत. तुपाची फोडणी आमच्या वाट्याला नव्हती; पण दाण्याचें कूट मूठमूठ होतें, आणि शेंगदाण्यांत जवळजवळ निम्मा भाग तेलाचाच असतो, ही गोष्ट घरांतील एकाच्याही ध्यानांत आली नाहीं. शांतपणें पाहिलें, तर आपल्या घरांतील सर्वांत स्निग्ध दिवस हा उपवासाचा दिवस होय. कूट, ओलें खोबरें, तळलेल्या बटाट्याचा कीस, साजूक तूप, उरतें काय? त्या संध्याकाळीं आमची पुन्हां तीच अवस्था झाली. आई देवघरापाशीं बसून आमच्या येरझारा पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून कूट, तीळ, खोबरें हींही आमच्या पानांतून गेलीं. पानांत काय काय नाहीं याचाच आम्हांला अभिमान वाटूं लागला.

वजन ७१ किलोंवरून ६२ वर आलें. भेटेल तो "छान बारीक झालांत" म्हणे, व आम्ही तें खरें मानीत असूं. जिना चढतांना दम लागे, कातडी कोरडी पडली होती, दुपारीं चारनंतर काम सुचत नसे. हें सर्व आम्हीं वयाच्या खातीं मांडलें.

दसऱ्याच्या दिवशीं दुपारीं आम्ही सवयीप्रमाणें वजनकाट्यावर उभे होतों. वहिनी पानें घेत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "भाऊजी, तुमचें मोजून झालें असेल, तर एकदां आईंचेंही मोजा."

त्या स्वरांत कांहीं तरी होतें. आम्हीं विचारलें, "कां वहिनी?"

"तुम्ही पाहिलें नाहीं? आषाढीपासून त्यांच्या पानांत तूप नाहीं. चातुर्मासाचा नेम केलाय म्हणतात. तुम्हांला सांगूं नको, असें बजावलें होतें."

आमच्या आईचें वय त्या वेळीं ८१ होतें. दांत नाहींत, त्यामुळें तिचें जेवण म्हणजे दोन वेळां मऊ वरणभात आणि त्यावर भरपूर तूप. त्यांतील तूप काढून टाकल्यावर उरतें तें किती, याचा हिशेब करावयास डॉक्टर लागत नाहीं. काट्यावर तिला धरून उभें केलें. मार्चमध्यें ४६ किलो भरली होती, आतां ४१. गेले कांहीं आठवडे ती दुपारीं अंथरुणावर अधिक वेळ पडून असे, तें आम्हीं पाहिलें होतें. पाहून वय झालें म्हणालों होतों. स्वतःच्या पानांतील तेलाचा थेंब न् थेंब हेरणाऱ्या आम्हांला समोरच्या पानांत काय नाहीं तें तीन महिने दिसलें नव्हतें.

आम्हीं तिला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "अरे, तूं कोरडा भात गिळतोस आणि मी शेजारीं तूप ओतून घेऊं? उतरत नाहीं घशाखालीं. म्हणून देवाच्या नांवावर सोडलें. त्यांत काय एवढें?"

दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही डॉक्टरांकडे गेलों. आईचें सांगितलें, आमचेंही सांगितलें. त्यांनीं वजन पाहिलें, रक्ताचे अहवाल पाहिले, आणि विचारलें, "तुम्हांला सहा महिने तूप कोणीं बंद केलें?"

"आपल्याच कागदानें," आम्ही जरा ताठ्यानें म्हणालों.

"कागद दोन्ही बाजूंनीं वाचलात ना?"

घरीं येऊन आम्हीं फ्रिजवरची चिकटपट्टी नखानें सोडविली. कागद उलटा केला. मागच्या बाजूस छापलें होतें, कीं हें पथ्य पहिल्या तीनचार आठवड्यांपुरतें असून, त्यानंतर हळूहळू नेहमीच्या आहारावर यावें. सहा महिने ती बाजू फ्रिजच्या दाराकडे तोंड करून होती. येथें हें कबूल केलें पाहिजे, कीं आमचा जन्म हिशेबतपासणींत गेला; दुसऱ्यांच्या खतावण्यांचीं पानें पाठपोट तपासण्याचा पगार आम्हीं तीस वर्षें घेतला.

डॉक्टरांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. पित्ताशय गेलेल्या माणसानें जन्मभर तूपतेल सोडावें, असें शास्त्र सांगत नाहीं. बहुतेकांना महिन्याभरांत घरचें साधें जेवण पूर्ववत् चालतें. अ, ड, ई आणि के हीं चार जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांच्या सोबतीनेंच अंगीं लागतात, म्हणून तुपातेलाचा अजिबात त्याग हाही एक अपथ्याचाच प्रकार. आमच्या रक्तांत ड जीवनसत्त्व कमी निघालें. तें आपल्याकडे धडधाकट माणसांचेंही कमी निघतें, म्हणून त्याचा सारा दोष आम्ही पथ्यावर टाकीत नाहीं. पण उतरलेलें वजन, थकवा आणि कोरडी कातडी यांचें कारण काय, याविषयीं त्यांना शंका नव्हती.

मग आम्हीं एक वही घातली. डाव्या बाजूला खाल्लेलें, उजव्या बाजूला पोटाचा जबाब. चहाचा एक चमचा सपाट तूप म्हणजे सुमारें ५ ग्रॅम. पहिले चार दिवस दुपारच्या वरणभातावर अर्धाच चमचा घेतला. कांहीं झालें नाहीं. मग रात्रींही अर्धा; नंतर दुपारीं पूर्ण. फोडणीची भाजी घरच्या मोठ्या पातेल्यांतून परत सुरू झाली, तो दिवस वहिनींना सुटकेचा वाटला असला पाहिजे. वहींतून ज्या गोष्टी निघाल्या, त्या आमच्यापुरत्या खऱ्या आहेत. एकूण तूपतेल किती, यापेक्षां तें एका बैठकींत किती, यावर सारें अवलंबून होतें. तीन चमचे तीन जेवणांत वांटले तर पोटानें हूं कीं चूं केलें नाहीं, तेच एका पुरणपोळीवर घेतले तर दुसरा दिवस फुकट गेला. उठल्याबरोबर रिकाम्या पोटीं घेतलेला चहा बाधे. आधीं एक केळें किंवा अर्धी भाकरी खाल्ली, कीं तोच चहा निमूट पचे. रात्रीं चमचाभर इसबगोल, आणि सकाळीं ओटची खीर किंवा शिजविलेलें सफरचंद, यांनीं शौचाची तक्रार पुष्कळ आवरली. कारण यांतील विरघळणारा चोथा आंतड्यांतील पाणी व जास्तीचा पित्तरस धरून ठेवतो. कच्ची कोबी आणि फ्लॉवर यांनीं वारा धरला. साबुदाण्याची खिचडी अजून आम्हांला दोन घांसांपलीकडे चालत नाहीं. वऱ्याचे तांदूळ व ताक चालतात.

प्रत्येकाची वही निराळी होईल. आमच्या एका स्नेह्यांनीं हीच शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्या आठवड्यांत बटाटेवडा खाल्ला, आणि त्यांना कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या एका ओळखीच्या बाईंचा पातळ शौचाचा त्रास वर्षभर राहिला. त्यांना पित्तरस बांधून ठेवणारी पूड डॉक्टरांनीं दिली, तेव्हां आराम पडला. अशी पूड असते हें ठाऊक नसल्यामुळें त्यांनीं तें वर्ष निव्वळ भातावर काढलें होतें. आणि शस्त्रक्रियेनंतर ताप आला, डोळे पिवळे दिसूं लागले, लघवी गडद आणि शौच पांढुरकें होऊं लागलें, किंवा पूर्वीसारखी कळ आली, तर वह्या लिहीत बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

आमचें पान असें रुळावर येत चाललें. आईचें मात्र आलें नाहीं. "माझें पोट आतां चांगलें आहे, तूंही घे," असें आम्हीं तिला दसऱ्यानंतर रोज सांगितलें. डॉक्टरांनींही सांगितलें. तिचें उत्तर एकच, "नेम कार्तिकीपर्यंतचा आहे. मध्यें मोडायचा असता, तर धरला कशाला असता?" दादानें गुरुजींना विचारलें. आजाऱ्याला व वृद्धाला नेमांतून सवलत असते, असें त्यांनीं सांगितलें. आईनें गुरुजींच्या वयाकडे बोट दाखविलें व विषय संपविला. तिला दुधावरची साय, खव्याची वडी, राजगिऱ्याची लापशी, जें जें नेमांत बसेल तें तें वहिनींनीं दिलें. तरी दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या भातावर तूप आणि तिच्या भातावर नुसतें वरण, हें दृश्य आम्हांला रोज दोन वेळां पाहावें लागलें. चकली एक खाल्ली. ती पचली, पण तिची चव आम्हांला आठवत नाहीं.

कार्तिकी द्वादशीला सकाळीं पारण्याची पानें मांडलीं. आई आमच्या शेजारीं बसली. वहिनींनीं तुपाचें भांडें आणलें, तेव्हां तिनें तें त्यांच्या हातून घेतलें आणि प्रथम आमच्या भातावर तूप घातलें. चमचा शिगोशीग भरला होता. सपाट भर, असें आम्ही म्हणणार होतों. पण वहिनींनीं डोळ्यांनींच दटावलें. मग तिनें आपल्या भातावर घेतलें, तें चमच्यानें नव्हे, भांडें तिरपें करून. भात कालविला, पहिला घांस घेतला, आणि बराच वेळ तोंडांत घोळविला.

"तूप जरा जास्त कढलंय," ती म्हणाली.